दीड सूत

कान्होलीच्या फाट्यावर माझं वाइंडिंगचं दुकान.
दारात पाच एचपीच्या जळक्या मोटारी,
आत वार्निशचा वास,
आणि डोक्यावर एक बंद पंखा
जो गावाचे पंखे दुरुस्त करता करता राहूनच गेला.

रस्त्यापलीकडे गुणवंत पंक्चर काढतो.
माझा भाऊ. आधी एकाच शेडात होतो.

मे महिन्यात, भर दुपारी,
आम्रपाली आली काखेत विमान घेऊन.
टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचं,
पोटावर अजून कंपनीचा शिक्का, उलटा.
एका जागी रुपयाएवढं भोक.
"तिथं फेविक्विक लावलं होतं काका.
त्यानं खाऊनच टाकलं."

मोटार बोराएवढी.
मी आजवर उचलल्या त्या दोन माणसांच्या मोटारी.
पंखाच्या मागच्या काठाला खाच,
खाचेत फिरणारं पातं,
आणि खाचेच्या कडेला
उंदरानं रात्रभर कुरतडावं तशी ओळ.

"पातं लागते," मी म्हटलं.
"सकाळी नव्हतं लागत.
हातानं फिरवून पाह्यलं न मी."

हातानं फिरवलं की सगळंच मोकळं फिरतं, बाई.
जोर आला की कळते कोण कुठं कलते.

मी नखानं मोटार दाबली.
ती डुलली, झोपेत मान डुलावी तशी.
गरम गोंदाची कांडी वापरलेली पोरीनं,
आणि बाहेर सेहेचाळीस.
गोंद काय करील बिचारा,
ज्या उष्णतेनं चिकटला तिलाच पुन्हा भुलला.

माझ्या धंद्यात
रोटर आणि स्टेटरमधली फट केसाएवढी.
बेअरिंग खचलं की रोटर घासतो.
आधी वास येतो, मग गिऱ्हाईक.
हे तिला सांगत होतो
आणि ती ऐकत नव्हती,
सुतळीनं फट मोजत होती.

गोंद खरवडला.
तिच्याच कंपासमधली लाकडी पट्टी,
दहापासून पंधरापर्यंत कापली.
फोमला स्क्रू धरत नाही,
त्याच्यावर भार टाकायचा तर पसरून टाकावा लागतो.
दोन नळ्यांचा गोंद कालवला, तासभर थांबलो.
पट्टीखाली घालायला रबर हवं होतं,
थरथर मरायला.
"जा, समोरून ट्यूबचा तुकडा आण."
"तुम्हीच जा न."
"तू जा."

ती गेली. आणला.
गुणवंतानं काहीच विचारलं नाही म्हणे,
फक्त दोन कापून दिले,
एक तुटला तर असावा म्हणून.

"किती मागं घ्यायची मोटार? एक सूत?"
"दीड."
"काहून दीड?"
"एक पात्याचं. अर्धं फोमचं,
तोही वाकते थोडा, वारं लागलं की."

मग शेपूट जड झालं.
मागं काही सरकवलं की
पुढंही काही सरकवावं लागतं:
बॅटरी दोन बोटं नाकाकडे,
तरी पुरेना, म्हणून एक नट.

साडेसहाला वारा पडला.
वखरलेल्या काळ्या रानात
ढेकळांवरून धावत तिनं ते फेकलं.
आवाज स्वच्छ.
मी आवाजावरच जगतो, मला कळतं,
कुठंच काही घासत नव्हतं.
जिनिंगच्या पत्र्यावरून वळलं,
बाभळीला भ्यायल्यासारखं डावीकडे गेलं,
मग नाकावर आलं.

ती पळत गेली. नाक चेपलेलं.
ते तिनं पाहिलंच नाही.
आधी खाचेत बोट फिरवलं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"काका, एक ओरखडा नाही!"

परतलो तेव्हा गुणवंत शटर ओढत होता.
त्यानं आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि रस्त्यापलीकडून ओरडला,
"ट्यूबचे पाच रुपये झाले बरं!"

तीन वर्षांतलं हे त्याचं सर्वांत लांब वाक्य.
मी हात वर केला.
मधून सरकीचा ट्रक गेला,
बराच लांब ट्रक.